पाण्याची पातळी सांगा: आसियानच्या पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
आसियान देशांचे माननीय पर्यावरणमंत्री यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र मराठीत आहे, तेव्हा आपल्यापैकी कोणी ते थेट वाचेल अशी आशा मी धरलेली नाही. पण सिंगापूर, क्वालालंपूर, जकार्ता इथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारी आमची माणसं ते वाचतील, आणि पाम तेलात तळलेली शेव चहाबरोबर खाणारे पुण्या-नाशकातले लोकही वाचतील. पत्र त्यांच्याही नावाचं आहे असं समजा. विषय आहे आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या मुलखात दर काही वर्षांनी पसरणारा इंडोनेशियातल्या आगींचा धूर.

सप्टेंबर २०१५ मध्ये माझे काका रत्नागिरीहून आमच्याकडे सिंगापूरला आले होते. जन्मभर भातशेती केलेला माणूस. त्या दिवसांत आमच्या बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीतून समोरची इमारत दिसत नव्हती. २५ तारखेला तर सरकारने शाळाच बंद ठेवल्या. मुलं घरात, खिडक्या बंद, हवा शुद्ध करायचं यंत्र कोपऱ्यात घुरघुरतंय. मी काकांना सांगितलं, पलीकडे सुमात्रात शेतकरी रान जाळतात, त्याचा हा धूर. त्यांनी दार किलकिलं करून दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "हा भाजावळीचा वास नाय गो. भाजावळ दुपारी पेटते नि सांजेला विझते. हा उकिरडा धुमसतोय कुठंतरी."

मंत्रिमहोदय, त्यानंतर आपल्या परिषदांची बरीच निवेदनं मी वाचली. इतकं नेमकं वाक्य त्यांत सापडलं नाही.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. पावसाआधी तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा पसरून जाळतात, ती भाजावळ. खाली लाल माती असते. ती जळत नाही. वरचं संपलं की आग संपली. सुमात्रा आणि बोर्निओच्या सखल भागात मात्र लाखो हेक्टर जमीन ही मातीच नव्हे. हजारो वर्षं पाण्यात बुडालेला आणि म्हणूनच पुरता न कुजलेला पाला, मुळं, फांद्या, ओंडके यांचा तो थर आहे. कुठे दोन मीटर, कुठे दहा मीटर, कुठे त्याहून खोल. वर्षाला एक-दोन मिलिमीटर या गतीने तो साठत आलाय. इंग्रजीत त्याला पीट म्हणतात, इंडोनेशियात गाम्बुत. मराठीला शब्द नाही, कधी गरजच पडली नाही.

हे पीट ओलं असेपर्यंत त्याला काडी लावा, पेटणार नाही. पाणी काढून घेतलं की तेच सरपण. आग वरून खाली उतरते, मुळांच्या वाटेने सरकते आणि भलतीकडेच पुन्हा डोकं काढते. हेलिकॉप्टरने वरून पाणी ओतलं तर वाफेचा लोट निघतो, छायाचित्र चांगलं येतं, आत धग तशीच. एकदा खडखडीत वाळलेलं पीट पाणी नीट शोषूनही घेत नाही. मोठा पाऊस येऊन जमिनीतलं पाणी वर चढेपर्यंत ही आग मरत नाही. २०१५ मध्ये इंडोनेशियात २६ लाख हेक्टर क्षेत्र जळलं, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या तिपटीहून जास्त. त्यातलं पीट जेमतेम एक तृतीयांश होतं, पण श्वास कोंडणारा धूर मुख्यतः त्याचाच. काकांनी नाकाने ओळखला तो हाच.

व्यवसायाने मी हिशेब तपासते. गडबड असलेल्या कंपनीत आकडे लपवलेले असतात, असा लोकांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. तिथे आकडे ढिगाने असतात. फक्त जे मोजायला हवं ते सोडून बाकी सगळं मोजलेलं असतं. आपल्या धुराच्या व्यवहाराची वही उघडली की मला तेच दिसतं. सिंगापुरात १९९३ पासून आपलं प्रादेशिक हवामान केंद्र आहे. उपग्रहावरून दिसणारे आगीचे ठिपके ते मोजतं, वारा कुठे वळणार ते सांगतं. प्रत्येक शहरात हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक तासातासाला लागतो. २१ जून २०१३ ला तो इथे ४०१ वर गेला होता. तेव्हा दुपारी दुकानात मास्क मिळत नव्हते आणि आम्ही सगळे दर तासाला मोबाइलवर तो आकडा बघत बसलो होतो, जणू बघितल्याने तो उतरणार होता. हे सगळे आकडे आग लागल्यानंतरचे आहेत. आग लागणार की नाही हे ठरवणारा आकडा एकच, तो म्हणजे पीटच्या जमिनीत पाणी पृष्ठभागापासून किती खाली गेलंय. इंडोनेशियाच्याच २०१६ च्या नियमात मर्यादा लिहिलेली आहे, ४० सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम दोन वीत. तो आकडा रोज, गावनिहाय, लागवडनिहाय, सगळ्या शेजाऱ्यांसमोर का येत नाही?

पाणी खाली गेलं कसं, याचं उत्तर बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, मध्य कालिमंतानात, जमिनीवर कोरलेलं आहे. १९९५ मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी ठरवलं की तिथल्या दहा लाख हेक्टर दलदली जंगलात भात पिकवायचा. जंगल तोडलं, चार हजार किलोमीटरांहून जास्त लांबीचे कालवे खणले, जावा बेटावरून शेतकरी आणून वसवले. पीट आम्लधर्मी आणि निःसत्त्व. भात काही आला नाही. पीटचा थर मध्यभागी फुगवट्यासारखा उंच असतो आणि पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो. त्याला चर मारला की पाणी नदीकडे निघून जातं, बारा महिने, चोवीस तास. १९९७ मध्ये एल निनो आला, पाऊस रुसला आणि सगळं पेटलं. बोर्निओवरच्याच मलेशियाच्या सारावाक राज्यात निर्देशांक ८०० च्या पुढे गेला, आणीबाणी जाहीर झाली. त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलाच्या आगींतून बाहेर पडलेला कार्बन त्या काळातल्या जगभरच्या कोळसा-तेलाच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्प गुंडाळला गेला. कालवे मात्र तिथेच राहिले, वाहत. आणि २०२० मध्ये त्याच मुलखात पुन्हा एक सरकारी अन्नधान्य प्रकल्प सुरू झाला, हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्राची तारीख दोनदा तपासली होती.

म्हणून 'शेतकरी रान जाळतात' हे वाक्य मी आता वापरत नाही. काडी लावणारा हात कधी शेतकऱ्याचा असतो, कधी मजुराचा, कधी कंपनीच्या ठेकेदाराचा, कधी जमिनीवर हक्क सांगायला आलेल्या तिसऱ्याच कुणाचा. कोरडी जमीन कुणी करून ठेवली हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जिथे पीट ओलं आहे तिथे असाच एखादा बेफिकीर हात आपल्या बोटांखेरीज काही जाळू शकत नाही.

आता आपल्या कराराकडे येते. सीमापार धुराविषयीचा आसियान करार १० जून २००२ रोजी क्वालालंपूरला झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. ज्या देशाच्या जमिनीवर बहुतेक आगी लागतात त्या इंडोनेशियाच्या संसदेला त्याला मान्यता द्यायला २०१४ उजाडलं. आसियानच्या तेव्हाच्या दहा देशांत शेवटचा. करारात दंड नाही, न्यायासन नाही. वाद झाला तर चर्चेने आणि सामोपचाराने मिटवायचा, असं कलम आहे. एकमेकांच्या घरात डोकवायचं नाही ही आपली रीत. तिची मी टिंगल करणार नाही. वसाहतवाद आणि युद्धं सोसलेल्या देशांनी ती विचार करून स्वीकारली आहे आणि तिने या भागात बरीच शांतता राखली आहे. पण धूर रीत पाळत नाही. तो डोकावतो.

मग दर काही वर्षांनी तोच खेळ होतो. धूर येतो, एक देश निषेध करतो, दुसरा म्हणतो आमची कंपनी नव्हे तुमची. २०१५ च्या सुरुवातीला इंडोनेशियाचे तेव्हाचे उपाध्यक्ष म्हणाले होते की शेजारी अकरा महिने आमची स्वच्छ हवा घेतात, त्याचे आभार कधी मानत नाहीत. उद्धट वाटलं तरी त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे पुढे येते. २०२३ मध्ये मलेशियाने पत्र लिहिलं, इंडोनेशियाने उत्तर दिलं की धूर सीमेपलीकडे गेलेलाच नाही. पाऊस आला की पत्रं फायलीत जातात. आमच्याकडे याला म्हण आहे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आपले बंब दर वेळी सोमेश्वरीच उभे असतात, म्हणजे धूर जिथे पोचतो तिथे. शाळा बंद करा, मास्क वाटा, मॅरेथॉन रद्द करा. जिथे पाणी गळतंय तिथे कोण उभं आहे?

कोणीच नाही असंही नाही, हे सांगायला हवं. २००७ ते २०११ या काळात सिंगापूरने सुमात्रातल्या मुआरो जांबी जिल्ह्याबरोबर काम केलं होतं. न जाळता शेती कशी करायची, हवा आणि हवामान कसं मोजायचं, पीटमधलं पाणी कसं सांभाळायचं, असं ते साधं, जमिनीवरचं काम होतं. मलेशियाने शेजारच्या रिआऊ प्रांताशी असाच करार केला होता. कामं छोटी होती आणि मुदतीची होती. मुदत संपली, कामं संपली. आपल्या सहकार्यातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि हाच भाग सर्वांत आधी बंद होतो.

मलेशियाच्या उत्तर सेलांगोरमध्ये, राजा मुसा राखीव जंगलात, २००८ पासून गावकऱ्यांना घेऊन चर अडवण्याचं आणि झाडं लावण्याचं काम चालू आहे. मध्य कालिमंतानातल्या सेबांगाऊच्या राष्ट्रीय उद्यानात जुन्या लाकूडतोड्यांचे चर अडवले गेले, तिथे ओरांगउटान आहेत. जानेवारी २०१६ मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी पीट पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र संस्थाच उभी केली, सात प्रांतांत वीस लाख हेक्टरांचं लक्ष्य ठेवून. तिने हजारो बंधारे बांधले. पुढे तिच्याकडे खारफुटीचंही काम दिलं आणि तिची मुदत २०२४ अखेरपर्यंत ठरवली गेली. संस्थेला मुदत देता येते. कालव्यातलं पाणी मुदत बघून वाहायचं थांबत नाही.

या बंधाऱ्यांची छायाचित्रं काकांना दाखवली तेव्हा ते हसले. "हा आमचा वनराई बंधारा!" ओंडक्यांच्या दोन रांगा, मध्ये मातीच्या पिशव्या. दिवाळीच्या आसपास पऱ्ह्यावर गाव मिळून घालतं तस्साच. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा भिंतीवर वाचत माझी पिढी वाढली. फरक एवढाच की तिथे जिरवायचं नाही, नुसतं टिकवायचं आहे. आणि कोकणातला बंधारा जसा पुढच्या पावसात वाहून जातो तसाच तिथलाही पावसाच्या लोंढ्यात कडेने फुटतो, लाकूड कुजतं. कधी तो गावकरीच फोडतात, कारण कालवा हीच त्यांची वाट. होडी त्यातूनच शेताकडे जाते, मासळी त्यातूनच येते. होडीसाठी फट न ठेवता बंधारा बांधणाऱ्या इंजिनिअरला गावाने काय म्हणावं? म्हणून नुसता 'इतके बंधारे बांधले' हा आकडा मला पटत नाही. तिसऱ्या वर्षी त्यातले किती उभे आहेत आणि त्यांच्या मागे पाणी किती आहे, हे सांगा. दुरुस्तीचा खर्च दरवर्षीचा असतो. तो पाच वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही. कुणा देणगीदाराला त्यावर आपल्या नावाची पाटीही लावता येत नाही.

आणि ओल्या जमिनीवर माणसाने खायचं काय, हेही त्याच हिशेबातलं आहे. पाणी वर ठेवा म्हणणं सिंगापुरातून सोपं आहे. पाम तेलाच्या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून तर चर मारतात. साबुदाण्याचा खरा साबू म्हणजे सॅगो पाम हा मात्र ओल्यात वाढतो (आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाचा, तो भाग वेगळा). जेलुतुंग नावाच्या झाडाचा चीक विकला जातो. दक्षिण कालिमंतानात 'पुरून' नावाच्या गवताच्या चटया आणि पिशव्या विणतात. ही पिकं आहेत, पण त्यांना पामसारखी रस्त्यापर्यंत आलेली गिरणी नाही, ठरलेला भाव नाही. तिथे बाजार उभा करणं हे शेजाऱ्यांचं काम का नसावं? अकरा महिन्यांच्या स्वच्छ हवेचे आभार कसे मानायचे, याचं मला सुचलेलं उत्तर हे आहे. ओल्या पीटवर राहणाऱ्या गावाला त्या ओलाव्याचे पैसे मिळावेत, दरवर्षी, पाण्याची पातळी बघून. २०१५ च्या आगींत इंडोनेशियाचं सुमारे १,६०० कोटी डॉलरचं नुकसान झालं, असं जागतिक बँकेने काढलं होतं. या रकमेसमोर गावांना द्यायचे पैसे चिल्लर आहेत.

सिंगापूर आणि मलेशियाच्या मंत्र्यांना इथे वेगळं सांगायचं आहे. आपण बळी आहोत ही भूमिका अर्धीच खरी आहे. इंडोनेशियात जमीन घेतलेल्या कितीतरी लागवड कंपन्यांची मुख्यालयं, शेअर बाजारातली नोंदणी, कर्ज देणाऱ्या बँका आपल्याच शहरांत आहेत. सिंगापूरने २०१४ मध्ये कायदा केला, परदेशात आग लावून इथे धूर आणणाऱ्याला दिवसाला एक लाख सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड, एकूण मर्यादा वीस लाख. चांगलं केलं. पण जमीन कोणाची हे सिद्ध करायला नकाशा लागतो. २०१३ मध्ये आसियानच्या नेत्यांनी जमीनवाटपाचे नकाशे सरकारांनी एकमेकांना द्यावेत असं ठरवलं, आणि मग प्रत्येक देशाचा गोपनीयतेचा कायदा आडवा आला. नकाशा नसलेला दंड म्हणजे सातबारा न बघता केलेली मोजणी. कर्ज देताना बँका मात्र तो नकाशा बघतातच, नाही का?

आमच्याही घरचं सांगते. पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. वनस्पती तुपात, बिस्किटात, साबणात, फरसाणाच्या कढईत ते आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा तीन-चार आठवड्यांत आमच्या किराणा दुकानांत त्याची झळ पोचली. त्याच्या आयातशुल्कावर लातूरच्या सोयाबीनचा भाव हलतो. एवढा मोठा गिऱ्हाईक असून आम्ही विक्रेत्याला कधी विचारलं नाही की हे तेल ओल्या जमिनीवरचं की वाळवलेल्या. प्रमाणित पाम तेलाच्या नियमांत २०१८ पासून पीटवर नवी लागवड बंद आहे, आणि जुनी झाडं काढून नवी लावण्याआधी त्या जमिनीचा निचरा आणखी किती वर्षं शक्य आहे हे तपासावं लागतं. कारण पीट वाळलं की खचतं, वर्षाला काही सेंटिमीटर, आणि शेवटी जमीन नदीच्या पातळीखाली जाऊन बुडते. म्हणजे ही लागवड स्वतःच्या पायाखालची जमीन खात असते. तो तपासणीचा कागद मागण्याचा हक्क भारतीय खरेदीदाराला आहे. मागणारे थोडे.

हवामानानेही आपल्याला एकत्र बांधलंय. हिंदी महासागराच्या पश्चिम बाजूचं पाणी जास्त तापलं आणि पूर्वेचं गार राहिलं की भारताकडे पाऊस झुकतो आणि सुमात्रा-बोर्निओ कोरडे पडतात. २०१९ हे तसं वर्ष होतं. त्याच वर्षी सांगली-कोल्हापूर पुरात बुडाली आणि दीड महिन्याने सुमात्रातल्या जांबीचं आकाश धुराने लालभडक झालेलं आम्ही मोबाइलवर पाहिलं. आई फोनवर म्हणाली होती, "तिकडे थोडा आमचा पाऊस न्या."

२०२० पर्यंत धूरमुक्त प्रदेश, असं आपलं आधीचं उद्दिष्ट होतं. ते साल निघून गेलं. आता २०३० पर्यंतची नवी रूपरेषा आहे, पीटसाठी वेगळी रणनीती आहे आणि इंडोनेशियात समन्वय केंद्र उभं करायचा करारही झाला आहे. उत्तरेकडे थायलंड, लाओस, म्यानमारचा धूर हा वेगळा विषय, तिथे डोंगरउतारावरची शेतं आणि मक्याचं पाचट जळतं. त्यावर या पत्रात बोलत नाही. या नव्या केंद्राबद्दल मात्र माझी एकच मागणी आहे. ते आग लागल्यावर फोन फिरवणारं केंद्र होऊ देऊ नका. पीटमध्ये रोवलेल्या नळ्यांतलं पाणी कुठे किती खाली आहे, ते रोज तिथून जाहीर व्हावं, कंपनीच्या जमिनीतलं आणि सरकारी जमिनीतलं, दोन्ही. जून महिन्यात पातळी दोन वितींखाली गेली की त्या जिल्ह्याला शेजाऱ्यांचे पैसे आणि माणसं निघावीत, ऑगस्टमध्ये धूर दिसल्यावर नव्हे. यात कोणाच्या सार्वभौमत्वाला धक्का कसा लागतो हे मला कळत नाही. नदीची पूरपातळी आपण सांगतोच ना?

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, प्रवास होत नाही. पण दर वर्षी गणपती झाले की फोनवर विचारतात, "तुमचा उकिरडा काय म्हणतोय?" मी निर्देशांक सांगते, ठिपके किती ते सांगते. त्यांना त्यात रस नसतो. ते विचारतात, पाणी किती खाली गेलंय. त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. आपल्या केंद्राकडून मिळालं तर त्यांना वितीत करून सांगेन.

कळावे,

आपली,
सिंगापुरात राहणारी, मूळची रत्नागिरीकडची एक हिशेबतपासनीस